लांबचं बी, जवळचं बी

अणदुरात माणसाचं खरं वय कळायला आधार कार्ड लागत नाही. औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहिलं की भागतं. गिऱ्हाईक गोळ्यांची पट्टी हातात घेतं, तारीख बघायला डोळ्यांपाशी नेतं, जरा लांब धरतं, आणखी लांब धरतं, पायरी उतरून उन्हात नेतं आणि शेवटी शेजारच्या पोराला म्हणतं, "बाळा, बघ की रे काय लिवलंय, चष्मा घरी राहिलाय माझा." चष्मा घरी राहिलेला नसतो. तो दुकानातच राहिलेला असतो, कारण अजून घेतलेलाच नसतो. पोरगं पट्टी बघतं आणि म्हणतं, "काका, तारीख संपली की." त्यावर काका पोराकडे असे बघतात की हे गोळ्यांबद्दलच बोलतंय ना, याची त्यांना खात्री नसावी.

चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं, हे पुरुषांच्या पचनी पडायला फार वेळ लागतो. आधी दोष दिव्याचा असतो. "ह्या एलईडीत दम न्हाई." मग छपाईचा. सातबारा ऑनलाइन झाल्यापासून अक्षर बारीक झालंय, लग्नपत्रिकावाले शाई वाचवायलेत, औषधाच्या बाटलीवर फवारणीचं प्रमाण कंपनीवाले मुद्दाम मुंगीच्या पायानं लिहितात म्हणजे शेतकऱ्याला कळू नये. (यातला शेवटचा आरोप मला अजूनही पटतो.) मोबाइल आला तेव्हा वाटलं, आता सुटलो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. त्याचा परिणाम असा की आमच्या एसटीत अणदूर ते सोलापूर कुणाच्या घरी काय चाललंय ते मागच्या दोन बाकांना वाचता येतं. पडद्यावर एका वेळी चारच शब्द मावतात, त्यामुळे मागच्यांना नीट समजून घ्यायला वेळही मिळतो.

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना विशीपासून लांबचा चष्मा, नंबर वजा तीन. पन्नाशी उलटली, साठी उलटली, तरी गुरुजी चष्मा कपाळावर सरकवतात आणि पेपरातली बारीकातली बारीक जाहीर नोटीस घडाघडा वाचून दाखवतात. वर म्हणतात, "आपल्याला चाळिशी लागलीच नाही. गाईचं तूप." आता वजा तीनच्या डोळ्यावरचा चष्मा काढला की फूटभर अंतरावरचं अक्षर आपोआप स्वच्छ दिसतं, त्यात गाईचा काही हात नाही. पण गुरुजींनी ज्यांना गणित शिकवलं ती निम्मी पिढी आज तूप खाते, आणि तिला तारीख मात्र पोराकडून वाचून घ्यावी लागते.

आम्हा बायकांची तऱ्हा निराळी. आम्ही लपवत नाही, सोपवतो. ज्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तांदळाचं सूप स्वतःच्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, त्या वर्षी सगळ्या भावकीत झालं की सुनेवर विश्वास बसला. सुईत दोरा ओवायचं काम नातीकडे गेलं. पोथी वाचायचं काम लेकाकडे गेलं, आणि "चुकलास, परत वाच" हे काम त्यांच्याकडे राहिलं. पोथी पाठ असल्यामुळे डोळ्यांवाचून त्यांचं काहीच अडलं नाही. आमच्या ह्यांचं अडलं. त्यांनाही तेव्हा चाळिशी लागलेली होती आणि पोथी पाठ नव्हती.

डोळ्यात होतं काय, तर भिंग ताठ होतं. बाहुलीच्या मागे एक जन्मजात भिंग असतं आणि त्याच्याभोवती स्नायूचं कडं. जवळचं बघायचं म्हटलं की हा स्नायू आवळतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात आणि भिंग फुगून जाड होतं. ही गोष्ट जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ मध्ये मांडली. वयाबरोबर भिंग कडक होत जातं. स्नायू आवळत राहतो, भिंग हलत नाही. हॉलंडच्या डॉ. डोंडर्स यांनी १८६४च्या आपल्या ग्रंथात याचा वयवार हिशोबच दिला. दहा वर्षांच्या पोराला नाकापासून ७ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं. पंचेचाळिशीत हीच हद्द २८ सेंटिमीटरच्या आसपास जाते, साठीत मीटरभर. म्हणजे साठीच्या माणसाला बिनचष्म्याचा पेपर वाचायचा असेल तर तो दुसऱ्याच्या हातात असलेला बरा. यातून राजा सुटत नाही, भिकारी सुटत नाही, आणि हिंजवडीत नोकरी करणारे माझे धाकटे दीरही सुटले नाहीत.

भावजी दर मार्गशीर्षात यात्रेला येतात. मागच्या खेपेला नाकावर भला मोठा चष्मा होता, या खेपेला नाक मोकळं. आल्या आल्या त्यांनी कोनाड्यातली लग्नपत्रिका उचलली आणि खालची लहान मुलांची लाडिक ओळसुद्धा हात न लांबवता वाचली. मग डोकं वर करून समोरच्या घराच्या गच्चीवर कोण धुणं वाळत घालतंय तेही सांगितलं. ओसरीवरचे सगळे चष्मेवाले गप्प झाले.

"ऑप्रेशन केलास का रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई गं आई. लेन्स लावलीय. मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स. लांबचं बी दिसतंय, जवळचं बी, मधलं कॉम्प्युटरचं बी."

"आन् मंग तुझ्या पोराच्या परीक्षेचे मार्क कसे दिसंनात तुला?"

खरं कारण जाऊबाईंनी मला स्वयंपाकघरात सांगितलं. भावजींच्या ऑफिसात नवी पोरं भरती झाली. मीटिंगमध्ये भावजी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून कागद बघायचे आणि वरून त्या पोरांकडे बघायचे. एक दिवस एक पोरगी त्यांना 'सर' म्हणता म्हणता 'काका' म्हणाली. भावजी त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. विज्ञानाची बरीच प्रगती अशी काका या शब्दामुळे झालेली असावी.

लेन्सचं काम कसं चालतं हे भावजींनी पुण्याच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला, पण अणदूरकराला ते अणदूरच्या भाषेत जास्त लवकर कळतं. आमचा खंडोबा दोन गावांचा. मूर्ती एक, देवळं दोन: एक अणदुरात, दुसरं नळदुर्गजवळ मैलारपूरला. सव्वादहा महिने देव आमच्याकडे, पावणेदोन महिने तिकडे, आणि देव नेण्या-आणण्याचा दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देव जिथे असेल तिथे जाऊन दर्शन घ्यायचं. दुभिंगी चष्म्याचा कारभार असाच असतो. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं, आणि एका वेळी एकच गाव. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सला हा करार पाळता येत नाही, कारण ती बुबुळालाच धरून बसलेली असते. नजर खाली गेली की तीही खाली जाते. म्हणून तिच्यात दोन्ही नंबर एकात एक गोल कड्यांनी बसवतात. पुष्कळशा लेन्समध्ये मधोमध जवळचा, कडेकडेनं लांबचा, आणि दोन्हीची चित्रं एकदमच डोळ्यात शिरतात. म्हणजे देव एकाच दिवशी दोन्ही देवळांत. दर्शन कुठलं घ्यायचं आणि कुठल्या देवळाकडे पाठ फिरवायची, हे मेंदूनं ठरवायचं. मेंदूला याची सवय लागायला काही दिवस जातात, कुणाकुणाला काही आठवडे. काही मेंदूंना ती लागतच नाही.

"त्येला लागंल," आत्याबाई म्हणाल्या. "समोर बघून न बघितल्यागत करायची सवय त्येला पहिल्यापास्नंच हाय."

याहून सोपा एक प्रकार आहे: एका डोळ्याला लांबचा नंबर द्यायचा, दुसऱ्याला जवळचा. लांबचा बहुधा मुख्य डोळ्याला देतात. आता दोन डोळ्यांत एक मुख्य असतो हेच आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. भावजींनी परीक्षा सांगितली. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहानशी खिडकी ठेवायची, तिच्यातून देवळाचा कळस बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना कळस जागेवर राहतो तो मुख्य. पुढचा अर्धा तास आमचं सगळं घर गच्चीवर हात पसरून, एकेक डोळा मिचकावत, कळसाकडे तोंड करून उभं होतं. खालून जाणाऱ्यांनी नमस्कार समजून नमस्कार केले. एकानं "नवस फेडायलाव का?" असंही विचारलं. आमच्या ह्यांचा उजवा निघाला, माझाही उजवा. आत्याबाईंचा डावा. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "उजव्यानं म्या फकस्त सैपाक केला," त्या म्हणाल्या, "लक्ष डाव्यानंच ठिवलं."

जवळचं आणि लांबचं एकाच चौकटीत बसवायची खटपट जुनी आहे. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनना म्हातारपणी दोन-दोन चष्मे बदलायचा कंटाळा आला, तेव्हा त्यांनी दोन्हींच्या काचा अर्ध्या कापून एका चौकटीत बसवून घेतल्या. १७८५च्या एका पत्रात त्यांनी त्याचा फायदा लिहून ठेवलाय: जेवताना ताटातलंही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचं तोंडही. ते तेव्हा फ्रान्समध्ये वकिलातीवर होते आणि ओठांची हालचाल दिसली की फ्रेंच जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. चष्म्यानं ऐकू येतं हे सांगणारे ते पहिले असतील, पण शेवटचे नव्हेत. आत्याबाईंना चष्मा सापडला नाही की ऐकूही येत नाही, विशेषतः कुणी पैसे मागत असलं तर.

डोळ्यावरच भिंग बसवायची कल्पना त्यानंतर शंभर वर्षांनी अंगावर घेतली ती झुरिकच्या डॉ. फिक यांनी, १८८८ मध्ये. काचेची वाटीच ती, बुबुळच नव्हे तर डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी. आत द्राक्षसाखरेचं पाणी भरून बसवायची. आधी सशांना लावली, मग स्वतःला. दोनेक तासांत माणूस काढा म्हणायचा. सशांचं मत नोंदवलेलं नाही.

पण या साऱ्यांत मला आवडतो तो प्रागचा ओटो विख्टर्ले. रसायनशास्त्रज्ञ होता. पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं तयार केलं होतं. त्याच्या लेन्स करायच्या होत्या, पण सरकारनं प्रकल्प गुंडाळला. मग १९६१च्या नाताळात गड्यानं घरात, स्वयंपाकाच्या टेबलावर, मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्याचे तुकडे घेतले, त्याला सायकलचा डायनामो लावला आणि गरगर फिरणाऱ्या साच्यात ते द्रव ओतून जगातल्या पहिल्या चांगल्या मऊ लेन्स काढल्या. बायको डॉक्टर होती. तिनं मदत केली. मला कौतुक वाटतं ते तिचं. सणाचा दिवस, ओट्यावर नवऱ्याचा पसारा, पोरांचं खेळणं मोडलेलं, आणि बाई "आधी हे उचला" म्हणाली नाही. अणदुरात हा शोध लागला नसता. लागला असता तर दुपारच्या आत उकिरड्यावर गेला असता.

आता अडचणी. त्या पुण्यात फारशा जाणवत नसाव्यात, कारण तिथे माणूस घरच्या दिव्यातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसच्या दिव्यात जातो. इथे ऊन आहे. उन्हात बाहुली आकसते. आकसली की तिच्या वाट्याला लेन्सचा मधलाच भाग येतो, आणि भावजींच्या लेन्सचा मधला भाग जवळचा. भर दुपारी भावजी मोटारसायकलवर नळदुर्गला निघाले, तर टाकीवर चिकटवलेलं स्टिकर लख्ख आणि पुढचा रस्ता पुसट. येताना रात्र झाली. अंधारात बाहुली मोठी होते आणि कडेची सगळी कडी एकदम कामाला लागतात. दिव्यांभोवती वलयं दिसतात. आमच्या गावावरून जातो तो सोलापूर-हैदराबाद महामार्ग. त्यावर रात्री ट्रकांना खंड नाही. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला प्रभावळ. ट्रकच्या कपाळावर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' लिहिलेलं असतंच. भावजी दर वेळी रस्ता सोडून खाली उतरत होते आणि मागे बसलेल्या आमच्या ह्यांना तो भक्तिभाव वाटला.

जेव्हा प्रकाश मधला असतो, संध्याकाळी ओसरीवर, तेव्हा मात्र लेन्स खरंच चोख चालते. हे मी मान्य करते. भावजींनी त्या वेळी माझ्या हातातलं भरतकाम लांबून बघून दोन टाके चुकलेले दाखवले. मी त्यांना चहा दिला नाही.

मग सोवळं. सकाळी उठलं की आधी साबणानं हात धुवायचे, ते कोरडे करायचे, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं. लेन्स ज्या डबीत, तिच्यातलं कालचं औषधी पाणी फेकायचं, नवं भरायचं. कालच्यावर आजचं ओतायचं नाही. नळाचं पाणी लेन्सला लागू द्यायचं नाही. बोअरचं तर नाहीच. त्या पाण्यात अकांथामिबा नावाचा एक जीव असू शकतो, तो लेन्सखाली शिरून बुबुळ पोखरतो आणि नजर जाऊ शकते. ही चेष्टेची गोष्ट नाही. लेन्स घालून अंघोळ करायची नाही, विहिरीत उडी मारायची नाही, झोपायचं नाही. दुपारी जेवून ओसरीवर पाच मिनिटं डोळा लागतो त्याला आमच्याकडे झोप म्हणत नाहीत, पण लेन्सकडे म्हणतात. जाऊबाई सगळ्या यात्राभर भावजींच्या मागे "डोळे उघडे ठेवा, डोळे उघडे ठेवा" म्हणत हिंडत होत्या. पाहुण्यांना वाटलं, नवऱ्याची फसवणूक चाललीय कुठे तरी.

"एवढं सोवळं पुजाऱ्याला बी नसतंय," आत्याबाईंचा शेरा.

हात धुवायचं आम्हाला पुण्याहून शिकायची गरज नव्हती, हेही लगे हात सांगून ठेवते. डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं अणदुरात बसून खेड्यापाड्यांतल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. ज्यांनी कधी शाळा धड बघितली नव्हती अशा बायका गावाला आरोग्य सांगायला लागल्या. तेव्हा साबण आम्हाला ठाऊक आहे. अडचण साबणाची नाही, ठेच्याची आहे. भावजींनी रात्री भाकरी-ठेचा हातानं चुरून खाल्ला, हात धुतले, परत धुतले, वास घेऊन बघितला, बायकोला वास घ्यायला लावला आणि मग लेन्स काढायला बोट डोळ्यात घातलं. त्यानंतर जी आरोळी उठली ती ऐकून गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं 'येळकोट येळकोट' असा प्रतिसाद दिला. ठेचा उतरवणारा साबण अजून कुठल्या कंपनीनं काढलेला नाही.

त्या गडबडीत एक लेन्स खाली पडली. शहाबादी फरशी, ओली जागा, आणि जिनसेचा गुणच हा की ती दिसू नये. सगळे वाकले. घरातले मोठे सगळे चाळिशीपलीकडचे. कुणी चष्मा शोधत होतं म्हणजे लेन्स शोधता येईल, कुणी बॅटरी लावून फरशीपासून हातभर लांब डोळे धरत होतं. भावजींचं म्हणणं, लेन्स डोळ्यात असती तर लगेच सापडली असती. अखेर पुतण्यानं फरशीला नाक लावलं आणि उचलून दिली. डोंडर्स साहेबांचे ७ सेंटिमीटर म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं. लेन्स औषधी पाण्यात चोळून, धुवून, रात्रभर ठेवून वाचवली. पण ती तिचं दैव घेऊनच आली होती, कारण दुसऱ्या दिवशी यात्रा होती.

यात्रेत भंडारा उधळतात. वाचकांपैकी कुणी खंडोबाच्या यात्रेला कधी गेलं नसेल तर सांगते: चिमूटभर नव्हे. पालखी निघाली की पोत्यानं. हवेत, झाडांवर, केसांत, कानांत, पुढचे तीन दिवस कुठलाही शर्ट झटकावा तर हळद. भावजींना सगळ्यांनी सांगितलं, आज चष्मा घाला. ते म्हणाले, चष्मा पुण्यात आहे. आणि उधळण झाली की मी डोळे मिटून घेईन. पण 'येळकोट येळकोट जय मल्हार' झालं आणि देव समोर आला, तर त्या क्षणी डोळे मिटणारा माणूस अणदुरात जन्मलेला नसतो. भावजींनी डोळे मोठे केले. दर्शनही झालं आणि भंडाराही पोचला, लेन्सच्या खालपर्यंत. चष्म्याच्या मागचा कण पापणी बाहेर काढते. लेन्सखालचा कण पापणी आणखी आत घासते. तिथेच, वाघ्या-मुरळीच्या मागे, बाटलीतल्या पाण्यानं हात धुवून त्यांनी दोन्ही लेन्स काढल्या. पिवळ्याधमक. त्यांच्याकडे बघून जाऊबाई म्हणाल्या, "देवाला वाहून टाका आता." डोळे लाल झाले ते झाले; सोलापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि काही दिवस लेन्सला हात लावू नका म्हणाले.

मग चष्म्यावाचून भावजींचं दोन्हीकडचं गेलं, लांबचंही आणि जवळचंही. यात्रेतल्या एका गाड्यावरून आमच्या ह्यांनी त्यांना वाचायचा चष्मा आणून दिला. गाडेवाल्याची तपासणी सरळ असते. "वय किती? सत्तेचाळीस? घ्या दीड." साठीला अडीच. दाढी काळी केलेल्या गिऱ्हाईकाचं वय तो स्वतःच ठरवतो आणि बहुधा बरोबर ठरवतो. हिशोब ढोबळमानानं चुकीचा नाही; चाळिशीचा नंबर वयाप्रमाणेच चढतो. मात्र ज्याला भावजींसारखा लांबचाही नंबर आहे त्याला हे तुकडे जुळत नाहीत, आणि काचबिंदू किंवा साखरेनं पडद्याला झालेला अपाय काही गाड्यावर दिसत नाही. भावजी त्या चष्म्यातून सगळ्यांकडे वरून बघत बसले. लहान पोरं त्यांना आजोबा म्हणायला लागली. काकापेक्षा एक पायरी वर.

त्या संध्याकाळी आत्याबाई बोलल्या.

"त्येच्या लेन्सचं कवतिक मला सांगू नगा. माझ्या दोनी डोळ्यांत लेन्सच हाय. शिबिरात नेऊन बसवल्या. फुकट. रातीला काढाव लागत न्हाईत, पान्यात ठिवाव लागत न्हाईत, भंडाऱ्यानं पिवळ्या व्हईत न्हाईत, आन् खाली पडत न्हाईत."

यावर बोलण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं, कारण ते अक्षरशः खरं होतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून प्लास्टिकचं बसवतात. लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी हे पहिल्यांदा १९४९ मध्ये केलं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे शिरले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सोसले होते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्याकडे अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी शिबिरं होतात ती याच खटपटीतून. आत्याबाईंच्या लेन्सचा नंबर एकच, लांबचा. स्टँडवर एसटीतून कोण उतरलं हे त्यांना उतरणाऱ्याच्या आधी कळतं. जवळचं दिसत नाही, पण तांदळाचं सूप आता माझ्याकडे आहे.

तर माझा निकाल असा. मल्टिफोकल लेन्स ही हुशारीची वस्तू आहे आणि ज्याला चष्मा नको आहे, हात स्वच्छ ठेवता येतात, डोळ्यांत ओल बरी आहे आणि महिन्याला हजाराच्या पुढे खर्चायची तयारी आहे, त्यानं डॉक्टरांकडून मोजून घेऊन जरूर लावावी. लग्नात फोटोला छान दिसते; म्हणजे दिसत नाही, तेच छान. पण गावाला मोठा उपकार हवा असेल तर तो साधा वाचायचा चष्मा करतो. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना नुसता जवळचा चष्मा दिला, तर त्यांची पानं खुडण्याची गती चष्मा न दिलेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली; २०१८ मध्ये तो अभ्यास छापून आला. मळ्यातली पानं काय आणि आमच्या बायकांच्या सुपातले खडे काय, हात पूर्वीचेच असतात, बोटांना नुसतं दिसायला हवं असतं.

तेव्हा चाळिशी उलटलेल्या समस्त अणदूरकरांना, आणि पुण्याहून येणाऱ्यांनाही, विनंती आहे. तारीख वाचायला परक्याचं पोरगं धरू नका. एकदा जाऊन डोळे नीट तपासून घ्या, डोळ्यातला दाब आणि अंगातली साखर यांच्यासकट. मग चष्मा घ्या नाहीतर लेन्स, पैसे तुमचे. फक्त लेन्स घालून झोपू नका, तिला नळाचं पाणी लावू नका, आणि यात्रेला येताना जुना चष्मा पिशवीत टाकून आणा.